नक्कल: मौजा येनटोला

तहसीलच्या मागच्या खोलीत,
जिथे पूर्वी खजिन्याचा घोडा बांधत, असं म्हणतात,
मी बसतो. नकला देतो.
अख्खा तालुका लाल फडक्यांत बांधून
फळ्यांवर ठेवलेला आहे.
एकशे बारा मौजे. त्यांतले अकरा रिठी,
पण त्यांचीही गाठोडी आहेत.
तिथे दिवा लावायला माणूस नाही,
फडकं मात्र दर दिवाळीला मी झटकतो.

आज सुकमाबाई वलथरे आल्या, चुलबंदच्या पलीकडून,
नातवाला घेऊन.
पिशवीत आधार कार्ड, पोराची टीसी,
आणि उकडलेल्या शिंगाड्यांची पुडी, साहेबांसाठी.
साहेब म्हणजे मीच. आहे शिपाई,
पण या खोलीत दुसरं कोणी येत नाही.
"पणज्याचं नाव काढा जी. कारू.
जातीची नोंद पाह्यजे म्हणतेत, एकसष्टच्या आदीची."

येनटोल्याची कोतवाल पंजी सोडली.
वरचा कोपरा उधळीनं खाल्लेला,
शाई तंबाखूच्या पाण्यासारखी.
अक्षर ठाण्यातल्या मोहरीराचं, तोंड कोतवालाचं.
दर पंधरवड्याला सात कोस चालत यायचा तो,
गावात कोण आलं, कोण गेलं
तेवढं घोकत.

बोट ठेवून खाली उतरत गेलो.
कोहळी, तळ्याची पाळ अंगावर खचून.
गोवारी, वाघ.
कोष्टी, खोकला.
कोष्टी, खोकला, त्याच घरचा.
गोंड, बाई, बाळंतपणात, नावाच्या जागी
"सोमाची बायको".
कलार, ताप, आणि पुढे कंसात "दारू नव्हे",
हे घरच्यांनी निक्षून सांगितलं असणार.
उकंडा, दगडू, फेकू:
आधीची लेकरं गेलेल्या आयांनी
मरणाला फसवायला ठेवलेली नावं.
त्यातलं एखादं दोन पानांनी पुन्हा भेटतं,
उजवीकडच्या रकान्यात.

मग मानमोडीचं साल.
तिथे मोहरीरानं जातीचा रकाना भरलेलाच नाही.
नऊ पानं नुसती नावं,
शेवटी शेवटी तर नावंही नाहीत,
उभ्या रेघा.

दर पानाखाली एक अंगठा:
बकाराम वल्द उकंडा, कोतवाल.
एका पानावर तो वरही आहे.
मुलगी, दीड दिवसाची, नाव नाही,
बाप बकाराम कोतवाल,
खबर देणार बकाराम कोतवाल.
लगेच खालची ओळ: पाटलाच्या घरी जन्म, मुलगा.
सात कोस त्यानं
कोणती ओळ आधी घोकली असेल?

"सापडला का जी?"
सापडला. कारू वल्द फागू.
पण पंजीत ढीमर आहे, टीसीवर ढिवर.
"एकच त हाये. मासोळ्या त्याच."
मी म्हटलं, बाई, हे समितीला सांगा.

पोरानं मान पुढे काढून वाचलं,
"कारण: मालगुजाराच्या तळ्यात बुडून."
सुकमाबाईंनी चष्मा नसतानाही त्या ओळीकडे
बराच वेळ पाहिलं.
"बुडून?
थो त पुरात पल्याडच्या काठावरून
जाळं तोंडात धरून येत व्हता, माही आजी सांगे.
मालगुजाराच्या मानसायनं..."
मग थांबल्या. पदरानं टेबलाची कड पुसली, कारण नसताना.
"जाऊ द्या.
जात लिवली हाये ना?"

लिहिली आहे, म्हणालो.

झेरॉक्स मशीन तापायला वेळ घेतं.
तोवर पोरगं शिंगाडे सोलत बसलं,
एक मला, एक आजीला,
काळी सालं पंजीच्या शेजारी.
मी तारीख टाकली, सही केली,
अस्सलबरहुकूम नक्कल, असा शिक्का मारला,
आणि येनटोला पुन्हा बांधला,
गाठ थोडी सैलच ठेवून.